नगरचा गांजा आणि न मोजलेला गंध

अहमदनगर शहराच्या पूर्वेला, पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिंगार हे गाव आहे. इ. स. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सैन्याचा पराभव केला तो याच परिसरात, आणि त्या विजयातून पुढे नगर शहर उभे राहिले. ब्रिटिश अमदानीत येथे लष्करी छावणी वसली. इतिहासाच्या पुस्तकांत भिंगारची ओळख बहुधा एवढ्यावरच संपते. भिंगारच्या भोवतालच्या या कोरडवाहू जिल्ह्याची आणखी एक ओळख मात्र एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरांत नोंदलेली आहे आणि तिचा उच्चार आता फारसा कोणी करीत नाही. मुंबई इलाख्यात परवान्याने गांजाची शेती होणाऱ्या जिल्ह्यांत अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, गणना प्रमुख जिल्ह्यांत होत असे.

आज जगभरातील प्रयोगशाळांत आणि रोपवाटिकांत या वनस्पतीच्या गंधाचा कसून अभ्यास चालू आहे. कोणत्या वाणात कोणते सुगंधी द्रव्य किती, ते कोणत्या जनुकामुळे, आणि पुढच्या पिढीत ते टिकवायचे कसे, हे प्रश्न पैदासकारांपुढे आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते आंब्याच्या किंवा तांदळाच्या वासाच्या प्रश्नांपेक्षा फार वेगळे नाहीत. फरक एवढाच की, आपल्याकडे या झाडाचे नाव काढताच प्रथम पोलीस आठवतात. त्याला कारणही तसेच आहे, व ते पुढे येईल.

आधी एका शब्दघोळाचा उलगडा करणे आवश्यक आहे. इंग्रजी 'हेंप' या शब्दाचे मराठीत सर्रास 'ताग' किंवा 'अंबाडी' असे भाषांतर होते. 'बॉम्बे हेंप' या व्यापारी नावाने ओळखला जाणारा धागा हा अंबाडीचा किंवा सणाच्या तागाचा असे. अंबाडी ही जास्वंदीच्या कुळातील, तर सणाचा ताग शेंगावर्गीय. गांजाचे झाड या दोघांशी काहीही नाते नसलेले, बियरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलाच्या कुळातील आहे. त्याच्या पानांना भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्यांना गांजा आणि त्यावरील राळेला चरस म्हणतात. झाड एकच, पदार्थ तीन. जुनी गॅझेटिअरे चाळताना हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर अंबाडीचे क्षेत्र गांजाच्या नावावर सहज जमा होते.

गांजाबद्दलची सर्वांत सविस्तर माहिती आपल्याला मिळते ती १८९३ मध्ये नेमलेल्या 'इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन'च्या अहवालातून. ब्रिटिश पार्लमेंटात या पदार्थांच्या दुष्परिणामांविषयी प्रश्न उपस्थित झाल्यानंतर डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली हे कमिशन नेमले गेले. त्याने १,१९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये आपला अनेक खंडांचा अहवाल सादर केला. सरसकट बंदी घालणे आवश्यक वा इष्ट नाही, लागवड व विक्री यांवर नियंत्रण आणि कर असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. कमिशनच्या सदस्यांत कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक सी. जे. एच. वॉर्डन हेही होते. मुंबईच्या विल्यम डायमॉक आणि डेव्हिड हूपर यांच्यासह 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा औषधी वनस्पतींचा कोश सिद्ध करणारे ते हेच. म्हणजे रसायनशास्त्र जाणणारा माणूस कमिशनात होता. तरीही तपासणी झाली ती मुख्यतः राळेची आणि अर्काची. वास मोजण्याचे साधनच तेव्हा जगात कोठे नव्हते.

त्या काळच्या शेतकऱ्यांना वनस्पतिशास्त्राचे एक मर्म मात्र पक्के ठाऊक होते. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. नराचे पराग वाऱ्याने उडून मादीवर पडले की तिच्या फुलोऱ्यात बी धरते आणि राळ कमी होते. म्हणून नर झाडे ओळखून वेळीच उपटून टाकावी लागत. बंगालमध्ये या कामासाठी खास जाणकार असत. त्यांना 'पोद्दार' म्हणत आणि इंग्रज अधिकारी त्यांना कौतुकाने 'गांजा डॉक्टर' म्हणत असत. शंभर वर्षांनी या रीतीला आकड्यांचा आधार मिळाला. स्वित्झर्लंडमधील हेंपच्या सुगंधी तेलाच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. परागण रोखलेल्या पिकापासून हेक्टरी सुमारे १८ लिटर तेल मिळाले, तर परागण झालेल्या पिकापासून सुमारे ८ लिटर.

हे सुगंधी तेल मुख्यतः टर्पिन या वर्गातील द्रव्यांचे बनलेले असते. टर्पेंटाइनवरून हे नाव पडले. पाच कार्बन अणूंचा एक घटक ही त्यांची वीट. दोन विटा जोडल्या की दहा कार्बनचे मोनोटर्पिन, तीन जोडल्या की पंधरा कार्बनचे सेस्क्विटर्पिन. गांजाच्या फुलोऱ्यात यांपैकी कित्येक द्रव्ये आढळतात, पण वासाचा मुख्य भार थोड्यांवरच असतो. ती ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही, स्वयंपाकघर पुरेसे आहे. धन्यांचा वास प्रामुख्याने लिनालूलचा. संत्र्याची साल दुमडल्यावर उडणारा फवारा म्हणजे जवळजवळ सगळे लिमोनीन. मिरी आणि लवंगेत कॅरिओफिलीन असते. चिडाच्या लाकडाचा आणि टर्पेंटाइनचा वास पायनीनचा. कच्च्या कैरीच्या चिकाजवळ येणारा उग्र हिरवा दर्प बराचसा मिर्सीनचा. गांजाच्या एखाद्या वाणाचा 'गंधपट' म्हणजे यांपैकी कोणते किती आणि कोणते कोणाच्या तुलनेत जास्त, याचे कोष्टक होय.

ही द्रव्ये तयार होतात मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींत. डोळ्याला दवासारखी चमकणारी ही लव भिंगाखाली पाहिली, तर बारीक देठावर राळेने भरलेली गाठ दिसते. कॅनाबिनॉइडे म्हणजे नशा आणणारे टीएचसी किंवा नशा न आणणारे सीबीडी ही द्रव्येही त्याच गाठीत तयार होतात. इतकेच नव्हे, तर कॅनाबिनॉइडे आणि मोनोटर्पिने यांचा कच्चा मालही एकच, जिरॅनिल डायफॉस्फेट हे संयुग. एका हौदातून दोन पाट निघावेत तसा हा प्रकार आहे. पुढे कोणत्या पाटाला किती पाणी जाणार, हे वेगवेगळी विकरे ठरवितात. टर्पिन बनविणाऱ्या विकरांची तीसहून अधिक जनुके या वनस्पतीत आढळली आहेत. यातील काही विकरे एकाच वेळी अनेक सुगंधी द्रव्ये तयार करतात. म्हणूनच एक जनुक म्हणजे एक वास, असे सरळ समीकरण येथे मांडता येत नाही.

पैदासकाराची अडचण येथूनच सुरू होते. गांजाचे झाड निसर्गतः परपरागित असल्याने प्रत्येक झाडात दोन्ही पालकांकडून आलेल्या जनुकांची मोठी सरमिसळ असते. लिंबासारखा वास येणारी एक मादी निवडून तिचे बी पेरले, तर तिच्या संततीत तोच वास निघेल याची खात्री नाही. काही रोपांत लिमोनीन जास्त येईल, काहींत मिर्सीन, काही दोन्हींपेक्षा निराळी निघतील. ज्वारीसारखी स्वपरागणाने शुद्ध वाणे तयार करावीत, तर येथे जवळच्या नात्यातील संकरामुळे पिढ्यांगणिक जोम घटतो. म्हणून परदेशातील व्यावसायिक उत्पादक बियांच्या वाटेला न जाता आवडलेल्या मादीच्या फांद्यांची छाट कलमे करून तेच झाड वर्षानुवर्षे वाढवितात. बीच हवे असेल, तर चांदीच्या संयुगाची फवारणी करून मादी झाडावर नर फुले आणली जातात आणि त्या परागांपासून फक्त मादी रोपे देणारे बी धरले जाते. इतके करूनही एका ठरावीक गंधाचे एकसारखे पीक बियांपासून मिळविणे हे अनेक पिढ्यांच्या निवडीचे आणि प्रत्येक पिढीत वायुवर्णलेखन यंत्रावर केलेल्या तपासणीचे काम ठरते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे ऐकून हापूस आठवेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी आंब्याच्या विविध वाणांच्या गंधद्रव्यांची तुलना केली आहे. हापूसमध्ये ऑसिमीन हे मोनोटर्पिन विशेष प्रमाणात असते, तर इतर कित्येक वाणांत मिर्सीनसारखी द्रव्ये पुढे असतात. वेगवेगळ्या प्रदेशांत वाढलेल्या हापूसचे गंधपटही या संशोधकांनी तपासले आणि वाण एकच असूनही त्यांत फरक आढळला. रत्नागिरीच्या बागायतदाराला हे सांगण्यासाठी यंत्र लागत नाही, तो भाग निराळा. मुद्दा असा की, हापूस कलमांनी टिकला म्हणून आज त्याचा गंध मोजता येतो. नगरच्या शेतांतील गांजा दर हंगामात बियांपासून येत असे. त्याचे बी पेरायचे थांबले आणि त्याबरोबर वाणही संपले.

ते नेमके कसे घडले? मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मादक वनस्पतींवरही निर्बंध आणले. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारताने या पदार्थांचा वैद्यकीय व शास्त्रीय कारणांखेरीजचा वापर पंचवीस वर्षांत संपविण्याचे बंधन स्वीकारले, आणि १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थविरोधी 'एनडीपीएस' कायदा अमलात आला. याच दरम्यान प्रयोगशाळांत काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. वायुवर्णलेखनाची पद्धत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातील गांजाच्या सुगंधी तेलाचे या पद्धतीने केलेले विश्लेषण १९६५ मध्ये एका कॅनेडियन नियतकालिकात छापून आले. त्यात कॅरिओफिलीन हे प्रमुख द्रव्य आढळले होते. टीएचसीची रचना इस्रायलमध्ये उलगडली ती १९६४ मध्ये. म्हणजे वास मोजणारे यंत्र हाती आले, तेव्हा दख्खनच्या पठारावरील परवान्याची शेती आवरती घेण्याचे धोरण ठरून गेले होते.

आता कोणी म्हणेल की, नगरचा गांजा 'इंडिका' की 'सॅटायव्हा' हे ठरविले, म्हणजे त्याचा वासही अंदाजता येईल. परदेशी बाजारात या दोन नावांवर मोठा व्यापार चालतो. एकाने म्हणे सुस्ती येते आणि दुसऱ्याने तरतरी. २०२१ मध्ये कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात नेदरलँड्समधील नमुने तपासले गेले. जनुकीय दृष्ट्या या दोन नावांच्या नमुन्यांत स्पष्ट भेद आढळला नाही. 'इंडिका' म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांत मिर्सीन, तर 'सॅटायव्हा' म्हणून विकल्या जाणाऱ्यांत फार्नेसीन व बर्गामोटीन यांसारखी द्रव्ये तुलनेने अधिक होती, एवढेच. थोडक्यात, विक्रेत्यांनी वास घेऊन पाटी लावली आणि ग्राहकांनी ती वंशावळ समजून वाचली. नगर, सातारा किंवा खांडवा ही गावांची नावेही अशीच पाटी ठरण्याचा धोका आहे. गावाच्या नावामागे मोजलेले झाड नसेल, तर त्या नावावरून गंध सांगता येत नाही.

शिवाय टर्पिन म्हणजेच सारा गंध, ही समजूतही अलीकडे ढासळली आहे. काही वाणांना येणारा कुबट, नाकात बसणारा दर्प टर्पिनांतून येत नसल्याचे २०२१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. तो येतो गंधकयुक्त संयुगांतून, आणि ही संयुगे लसणातील गंधकी द्रव्यांची चुलत भावंडे आहेत. त्यांचे प्रमाण अत्यल्प, पण नाकाला ती तत्काळ कळतात. त्याच गटाने २०२३ मध्ये असेही मांडले की, एकमेकांशी जवळजवळ सारखाच टर्पिनपट असलेली वाणे वासाला पूर्णपणे भिन्न असू शकतात आणि हा भेद टर्पिनेतर किरकोळ द्रव्यांमुळे पडतो. केवळ टर्पिनांच्या कोष्टकावर निवड करणाऱ्या पैदासकारांना हा चांगलाच धक्का होता. नाकाने निवड करणारे जुने शेतकरी या बाबतीत यंत्रवाल्यांपेक्षा फार मागे नव्हते, असे म्हणावे लागते.

काढणीनंतरही गंध स्थिर राहत नाही. मोनोटर्पिने लवकर उडून जातात. सेस्क्विटर्पिने जड असल्याने मागे राहतात. मिसिसिपी विद्यापीठात १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ताज्या फुलोऱ्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग मोनोटर्पिनांचा होता. आठवडाभर साध्या तापमानाला वाळविल्यावर सुमारे ३१ टक्के तेल नाहीसे झाले आणि तीन महिन्यांनी निम्म्याहून अधिक. १९६५ च्या विश्लेषणात कॅरिओफिलीन पुढे आले ते कितपत वाणामुळे आणि कितपत वाळलेल्या मालामुळे, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. जुन्या काळी गांजा पायांनी तुडवून चपटा करीत, ढिगाने रचून ठेवीत आणि गोदामात महिनोन् महिने साठवीत. अशा मालाचा वास हा शेतातील झाडाच्या वासाचा केवळ अवशेष असणार.

या गंधद्रव्यांच्या औषधी गुणांबद्दल जाहिरातींत जे दावे केले जातात त्यांतील थोड्यांनाच आधार आहे. कॅरिओफिलीन हे शरीरातील सीबी-२ या ग्राहीशी थेट जोडले जाते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. मिरीतील एका द्रव्याचा हा गुण कळल्यावर बरीच खळबळ उडाली होती. लिमोनीनमुळे टीएचसीने निर्माण होणारी चिंताग्रस्तता कमी होते, असे अमेरिकेत २० प्रौढांवर झालेल्या प्रयोगात दिसल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. यापलीकडे, सारी द्रव्ये मिळून काही विशेष परिणाम घडवितात हा जो सिद्धांत सांगितला जातो, त्याला माणसांवरील पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. आंबा खाल्ल्याने नशा वाढते ही कथा तर सोडूनच द्यावी.

मग नगरसारख्या जिल्ह्याने या साऱ्याची दखल का घ्यावी? याचे उत्तर त्या एका हौदातून निघालेल्या दोन पाटांत आहे. टीएचसी बनविणारे विकर आणि टर्पिन बनविणारी विकरे यांची जनुके वेगवेगळी असल्याने, नशा न आणणारे पण सुगंधी असे झाड निवडीने मिळविणे शक्य असते. युरोपात धाग्यासाठी व बियांसाठी घेतलेल्या हेंपपासून असे तेल काढले जाते. नगरचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो आणि मुबलक ऊन आहे. येथून सुमारे ३५ किलोमीटरवर राहुरीला १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि औषधी व सुगंधी वनस्पतींवर तेथे काम होते. जमीन, हवामान आणि पैदासशास्त्र यांपैकी कशाचीही वाण नाही.

अडचण आहे ती कायद्याच्या व्याख्येत. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील, तर पाने व बी त्यातून वगळलेली आहेत. ही व्याख्या झाडाच्या भागावर बेतलेली आहे, टीएचसीच्या टक्केवारीवर नव्हे. कलम १४ नुसार सरकार धागा, बी किंवा उद्यानविद्येसाठी लागवडीला परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसीच्या अटीवर औद्योगिक हेंपचा परवाना दिला. बी, बियांचे तेल आणि पीठ अन्न म्हणून वापरण्यास केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. परंतु गंध ना धाग्यात असतो, ना बियांत. तो असतो नेमका त्या शेंड्यावर, ज्यापाशी कायद्याने रेघ ओढली आहे. त्यामुळे धाग्याचे वाण निवडणे शक्य झाले, तरी सुगंधाचे वाण निवडण्यासाठी वैद्यकीय व शास्त्रीय कारणांकरिता असलेल्या परवानगीचीच वाट उरते. जम्मूच्या 'सीएसआयआर'च्या संस्थेत गांजाच्या औषधी उपयोगाचे संशोधन चालते, ते अशाच परवानगीने.

शेतकऱ्याने परवानगीवाचून आंतरपीक म्हणून चार झाडे लावली, तर मात्र कलम २० नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऊस-तुरीच्या आडोशाला लावलेल्या अशा झाडांवरील छाप्यांच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतच असतात. त्या झाडांचे बी कोठले असते, ते जुन्या दख्खनी वाणाचे असते की बाहेरून आलेल्या संकराचे, याची चौकशी पंचनाम्यात होत नाही. मुद्देमालाचे वजन केले जाते आणि न्यायालयीन प्रक्रियेनंतर तो नष्ट होतो.

जुन्या वाणाचा माग काढण्याची एक वाट अजून शिल्लक आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. अशा संग्रहांतील शतकभर जुन्या, कागदावर चिकटविलेल्या नमुन्यांतूनही आता डीएनएचे तुकडे वाचता येतात. परवान्याच्या काळातील दख्खनी झाडाचा एखादा नमुना त्यांत सापडला, तर त्यात टर्पिनांची कोणती जनुके होती हे कळू शकेल. त्या झाडाला प्रत्यक्ष वास कसला येत होता ते मात्र त्यावरून सांगता येणार नाही. मोनोटर्पिने कागदावर इतकी वर्षे टिकत नाहीत.